पिन कापलेला अँप आमच्या बोर्डावर लागणार नाही : एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

नागपुरात वर्धा रोडच्या लॉनवर तुमच्या बँडने रिसेप्शनला वाजवलं, साऊंड आणि जनरेटर आमचा होता, आणि त्यासाठी तुम्ही आम्हाला एक स्टार दिला. तक्रारी तीन. आमच्या माणसाने बेस गिटारचा अँप (अँप्लिफायर) लावूच दिला नाही, म्हणून कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला. दुसऱ्याच गाण्यात ‘लाईन गेली’ आणि पाहुण्यांसमोर शोभा झाली. आणि लॉनवर लाईन असताना जनरेटर व अर्थिंगचे पैसे बिलात वेगळे लागले. शेवटी तुम्ही लिहिलं, ‘बाकीचे साऊंडवाले काही विचारत नाहीत, हेच सेफ्टीची नाटकं करून राहिले.’

रात्री दहाला स्पीकर बंद करावे लागतात आणि तुमची शेवटची गाणी त्यात गेली. तालीम करून आलेल्या पोरांना ते लागणारच, त्याबद्दल राग नाही. पण बिल आहे तेच राहील आणि पुढच्या वेळीही आमचा माणूस तेच करेल. का, ते सविस्तर लिहितो, कारण हे शहरातले इतर बँडही वाचतात.

आधी अँपचं. तुमच्या बेसिस्टच्या प्लगची वरची जाड पिन कापलेली होती. कोणी कापली हे विचारायची गरजच नव्हती. ही अर्थची पिन काढली की स्पीकरमधली घूं घूं बंद होते, ही युक्ती प्रॅक्टिस रूममध्ये सर्रास चालते. घूं घूं बंद होते हे खरंही आहे. पण त्या पिनेला जोडलेली असते अँपची पत्र्याची बॉडी. तीच बॉडी गिटारच्या केबलमधल्या जाळीतून गिटारपर्यंत येते, आणि तिथून ब्रिजमार्गे, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीतून, तारांपर्यंत. म्हणजे अँप दहा फूट मागे असला तरी वाजवणाऱ्याची बोटं सतत अँपच्या बॉडीवरच असतात. आतला ट्रान्सफॉर्मर बिघडून बॉडीत फेज आला, तर पिन शाबूत असताना तो करंट अर्थच्या वायरने परत जातो आणि ब्रेकर पडतो. पिन नसेल तर बॉडी, केबल, तारा असं सगळंच २३० व्होल्टवर जाऊन बसतं. वाजवणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण तो बूट घालून लाकडी स्टेजवर उभा असतो. मग तो कोरसला माईकजवळ येतो. माईकची जाळी साऊंडच्या मिक्सरमार्गे अर्थला जोडलेली. ओठ तिकडे, बोटं इकडे, आणि मधे छाती.

मी घाबरवायला सांगत नाही. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्टेजवर माईकला हात लावताच शॉक लागून गेला. अर्थिंग नीट नव्हतं. तेव्हापासून गिटार, केबल आणि अँप यांची जोडणी काही बदललेली नाही.

तुम्ही म्हणालात, ‘डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतंच की, मग पिन काढली तर काय?’ प्रश्न चांगला आहे. डीआय बॉक्स म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरकडे नेणारा डबा. ते बटण सिग्नलच्या केबलमधला अर्थ तोडतं, वीजेच्या वायरमधला नाही. म्हणून ते दाबणं सुरक्षित, पण पिन जागेवर असेल तरच. पिन कापलेली आणि वर लिफ्टही दाबलेलं, तर अँपला अर्थ कुठूनच उरत नाही. तुमच्या अँपची नेमकी तीच अवस्था होती. घूं घूं येते ती बहुतेक वेळा अँप एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असल्याने, दोन्हींचे अर्थ लांबून फिरून भेटतात म्हणून. त्यात लाईटचे डिमर त्याच फेजवर असले की मग बघायलाच नको. आम्ही काय केलं? प्लग टॉप बदलला, स्टेज आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घेतले, लाईट वेगळ्या फेजवर टाकले, मग लिफ्ट दाबलं. घूं घूं गेली. तुमच्याच पेजवरच्या व्हिडिओत हेडफोन लावून ऐका. या कामाला वेळ लागतो, म्हणून साऊंडचेक चारला ठेवला होता. तुमची गाडी साडेसहाला आली. एवढंच म्हणतो.

आता ‘लाईन गेली’. लाईन गेली नव्हती. स्टेजचा बोर्ड पडला होता. लाईट चालू होते, जेवणाकडचे पंखे चालू होते, व्हिडिओत वधूवरांचे चेहरे स्वच्छ दिसतात. पडली ती ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा ब्रेकर. एमसीबी, म्हणजे घरातला साधा ब्रेकर, आणि ही एकच समजू नका. १६ अँपिअरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, आणि माणसाच्या अंगातून जाणारा करंट तिच्या खिजगणतीतही नसतो. माणसाला धोका त्याच्या पाचशेव्या भागातच सुरू होतो. आरसीसीबी फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला का, तेवढंच बघते. फरक ३० मिलीअँपिअरच्या वर गेला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत तोडते, गळती मोठी असली तर त्याहून कितीतरी लवकर.

फरक आला कुठून? स्टेजच्या मागे कोणीतरी आमच्या बोर्डाच्या रिकाम्या सॉकेटमध्ये कूलर लावला होता. मे महिना, गर्मी, समजू शकतो. पण नागपुरात कूलरबद्दल मी वेगळं काय सांगू? पत्र्याची टाकी, आत पाणी, पाण्यात पंप, पंपाची वायर जुनी. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं जातात. हा कूलर ड्रमरच्या पाठीला लागून होता, आणि ड्रमर घामाने ओलाचिंब. आमच्या पोराने एकेक प्लग काढत तो शोधला, त्यात दहा मिनिटं गेली. आरसीसीबी बायपास केली असती तर दहा सेकंदांत गाणं सुरू झालं असतं. तसं करणारे लोक आहेत. कूलर लावला कोणी, ते मी इथे लिहीत नाही, लॉनवाल्यांशी आणि बिछायतवाल्यांशी त्यावर बोलणं झालं आहे.

तिसरी गोष्ट पैशांची, म्हणजे जनरेटरची. लॉनवर लाईन होती, बरोबर. ती आम्ही मीटर लावून बघितली. एका फेजवर २५८ व्होल्ट, दुसऱ्यावर १९४. असा फरक दिसला की अनुभवी वायरमन पहिल्यांदा न्यूट्रलवर संशय घेतो: कुठेतरी सैल आहे किंवा जळत आलेला आहे. न्यूट्रल धड असतो तोवर प्रत्येक फेज त्याच्याशी २३० वर बांधलेली राहते. तो सुटला की बांधणी गेली. दोन फेजमधले चारशे व्होल्ट मग लोडप्रमाणे वाटले जातात, ज्या फेजवर भार जास्त तिथे व्होल्टेज कोसळतं आणि ज्यावर भार कमी तिथे चढतं. किचनमधले ओव्हन आणि हॅलोजन एका फेजवर, त्या लाईनवर तुमचा कीबोर्ड आणि गिटारच्या इफेक्टचा पेडल बोर्ड दुसऱ्यावर गेला असता. न्यूट्रल तुटला असता तर तुमच्या अडॅप्टरना तीनशेच्या वर मिळालं असतं. कीबोर्डची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

‘आमचा छोटा पेट्रोल जनरेटर चालला असता’ असंही तुम्ही म्हणालात. तो दोन केव्हीएचा. सबवूफरचा ठोका पडला की त्याचा वेग दबतो, ठोका संपला की उसळतो, आणि व्होल्टेजही तसंच नाचतं. आमचा २५ केव्हीएचा सायलेंट डिझेल जनरेटर म्हणजे २० किलोवॅट. त्या रात्री निम्म्याच्या आसपास भार होता. लोकांना वाटतं एवढा मोठा कशाला आणला, भाडं काढायला. पण नागपूरच्या मेमध्ये इंजिन पूर्ण ताकद देत नाही, आणि बेसच्या ठोक्याला भार क्षणात चढतो. मोकळी जागा ठेवावीच लागते.

आणि तो ‘खड्ड्यात बादलीने पाणी ओतत बसलेला पोरगा’, ज्यावर तुम्ही हसरा इमोजी टाकला. तो अर्थिंग करत होता. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरडी झाली की रॉडला धरत नाही. मीठ-पाणी मुरू द्यावं लागतं, मग मीटर लावून बघायचं. नुसता रॉड ठोकूनही भागत नाही. जनरेटरचा न्यूट्रल त्या अर्थशी जोडलेला नसेल तर बिघाडाचा करंट परत यायला रस्ताच नसतो आणि आरसीसीबी नुसती शोभेला उरते. भाड्याचे बरेच जनरेटर असेच येतात, न्यूट्रल मोकळा सोडलेला. बँडवाल्यांनी एवढा एक प्रश्न तरी विचारावा.

केबलचेही पैसे त्यातच आहेत. जनरेटर आवाजामुळे ५० मीटर लांब ठेवला. घरातली एक स्क्वेअर एमएमची एक्स्टेंशन वायर तेवढ्या अंतरावर दहा अँपिअरला जवळपास २० व्होल्ट खाते आणि गुंडाळलेली असली तर तापून वितळते. आम्ही जाड केबल पूर्ण उलगडून, फाटकाजवळ रॅम्पखालून टाकली. कोटेशनमध्ये ही ओळ होती आणि तुम्ही ‘ओके’ लिहिलं होतं, तो मेसेज आहे.

विजेच्या तारेवर आकडा टाकून काम स्वस्तात करून देणारेही भेटतील. ती वीजचोरी, २००३ च्या वीज कायद्यात त्याला तुरुंग आहे, आणि तिथे ना आरसीसीबी असते ना अर्थ. ते आम्ही करणार नाही.

पुढचा कार्यक्रम आमच्याकडे करा किंवा नका करू, एक काम मात्र करा. प्रत्येक अँप, कीबोर्ड आणि पेडल बोर्डच्या प्लगचा फोटो दोन दिवस आधी पाठवा, म्हणजे स्टेजवर वाद नाही. कापलेली पिन बदलून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही. कोणत्याही बँडला, आमचं बुकिंग असो वा नसो. दुकानात संध्याकाळी घेऊन या.

आणि कीबोर्डच्या अडॅप्टरची वायर जिथे टेप गुंडाळली आहे ना, ती आधी आणा.