शरणपूर ते फ्रिअरटाउन, आणि परत

उन्हाळ्याच्या सुट्टीत सात आठवडे केनियात, मोंबासाला, मिशनच्या कामासाठी राहून मी गेल्या पंधरवड्यात नाशिकला परतले. तेव्हापासून चर्चच्या मंडळीत, शाळेत आणि भाजीच्या गाडीवरसुद्धा एकच प्रश्न कानावर येतो, "तिकडे काय काय केलंत?" येत्या रविवारी उपासनेनंतर मला दहा मिनिटे साक्ष द्यायची आहे, म्हणजे तिथला अनुभव मंडळीपुढे सांगायचा आहे. पडद्यावर दाखवण्यासाठी पाळकसाहेबांनी पंधरा-वीस फोटोही मागवले आहेत. "मुलांचे असतील तर बरे," असे त्यांनी आवर्जून सांगितले. फोटो निवडायला बसले आणि हात थांबला, म्हणून आधी इथे लिहिते आहे.

आम्ही सहा जण गेलो होतो. तिथल्या एका चर्चच्या प्राथमिक शाळेत बायबलचे वर्ग घेणे आणि गणितात मागे पडलेल्या मुलांच्या जादा तासिका घेणे, असे कामाचे स्वरूप होते. बावीस वर्षे गणित शिकवत असल्यामुळे माझ्या मनात स्वतःचा भाव जरा वधारलेलाच होता. पहिल्या दिवशी फळ्यावर विषयाचे नाव लिहिलेले होते, "हेसाबु". "आमच्याकडे हिशेब म्हणतात," असे मी सांगितल्यावर सगळा वर्ग हसला आणि मला वाटले, जमले. त्यानंतर अपूर्णांकांची बेरीज सुरू केली. माझ्या इंग्रजीपुढे चाळीस मुले माना खाली घालून बसली. अर्ध्या तासाने मागे उभ्या असलेल्या तिथल्या बाई पुढे आल्या, त्यांनी फळ्यावर एक चपाती काढली (तो शब्दही तिकडे हाच आहे), तिचे आठ भाग केले आणि चार-पाच मिनिटांत स्वाहिलीतून सगळे समजावून दिले. पुढचे सात आठवडे त्या शिकवत राहिल्या आणि मी वह्या तपासत राहिले.

त्या बाईंचा पगार तीन महिने थकला होता, हे मला शेवटच्या आठवड्यात कळले. परत आल्यावर मी वही काढून खर्च मांडला. तिकीट, लस, विमा, राहणे असे सगळे धरून माझ्या एकटीवर दीड लाखाच्या आसपास खर्च झाला आणि त्यातला निम्मा मंडळीने वर्गणी काढून दिला होता. त्या रकमेत बाईंचा वर्षभराचा पगार सहज भागला असता. जाऊ नये असे माझे मुळीच म्हणणे नाही, पण या खर्चाचा मोठा लाभ मला झाला, त्या शाळेला नव्हे, आणि हे ज्यांनी वर्गणी दिली त्यांना स्पष्ट सांगणे मला भाग आहे.

फोटोंचेही तसेच आहे. माझ्याकडे मुलांचे तीनशेहून अधिक फोटो आहेत आणि त्यांतला एकही त्यांच्या आईवडिलांना विचारून काढलेला नाही. माझ्या वर्गातल्या मुलांचे अनवाणी पाय कोणी परदेशातल्या पडद्यावर दाखवले असते, तर आमच्या पालकसभेत काय गहजब झाला असता, याची कल्पना शिक्षकांना असेलच. शिवाय जे मला दाखवावेसे वाटते त्याचा फोटोच नाही. रविवारच्या उपासनेनंतर अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, आपल्या सुगीच्या सणाला होतो तसाच. एका आजींनी तीन अंडी आणली होती. एका शिक्षकाने बोली वाढवत नेऊन ती घेतली आणि लगेच पुन्हा अर्पणात ठेवली, मग दुसऱ्याने घेतली. अशी ती अंडी चार वेळा विकली गेली आणि शेवटी आमच्या सकाळच्या न्याहारीला आली. देणारे कोण आणि घेणारे कोण, हे त्या ताटाने मला पुरेसे सांगितले.

पण हात थांबण्याचे खरे कारण याहून वेगळे आहे.

आम्ही राहत होतो तो भाग फ्रिअरटाउनच्या लगतचा. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून पडलेले हे नाव. तिथल्या चौकात एक जुनी घंटा आहे, तिच्यावरून त्या जागेला केंगेलेनी म्हणतात. घंटा पाहायला गेलो असताना चर्चचे एक वयोवृद्ध सभासद भेटले. मी नाशिकची आहे हे कळल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या पणजोबांचे वडील "नासिक"हून आले होते.

मी नाशिकच्या शरणपूर रोडला वाढले आणि तरीही मला त्यांच्याकडून ऐकावे लागले, की एकोणिसाव्या शतकात इंग्रज आरमाराने गुलामांची जहाजे पकडली की सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवत आणि त्यांतल्या अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या आश्रमात धाडत. तिथे ती शाळा शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. शरणपूर चालवणारे प्राइससाहेबच 1874 मध्ये मोंबासाला गेले आणि सोडवलेल्या गुलामांची नवी वसाहत उभी राहिली, तेव्हा आपल्याकडची दीडशेच्या आसपास माणसे तिच्या पायाशी होती. आफ्रिकेतून प्रसिद्ध मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या मृतदेहाबरोबर इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट नाशिकलाच शिकलेला. म्हणजे आमच्या गल्लीतून मोंबासाला मिशनरी जाण्याला दीडशे वर्षे होऊन गेली, आणि आम्ही मात्र नवीन काही करत आहोत अशा थाटात विमानतळावर हार घालून फोटो काढले.

त्यांतल्या विल्यम जोन्स यांची गोष्ट मला रोज आठवते. 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टन यांच्याबरोबर ते युगांडाच्या वाटेवर निघाले. बिशप पुढे गेले आणि मारले गेले. मागे राहिलेल्या हमालांना घेऊन जोन्स शेकडो मैल चालत 1886 च्या फेब्रुवारीत मोंबासाजवळच्या राबईला परत पोहोचले, तेव्हा त्या काफिल्यापुढे एक निळे निशाण होते आणि त्यावर एकच शब्द होता, "ईखाबोद". बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकातला हा शब्द आपल्याला ठाऊक आहे. इस्राएलातून वैभव निघून गेले, असा त्याचा अर्थ. मिशनहून परतणाऱ्या माणसाने आपल्या मंडळीपुढे पराभव असा उघड धरला, यापेक्षा मोठी साक्ष मी ऐकलेली नाही. आमच्या साक्षींत मात्र सगळे यशस्वीच होते, पाऊससुद्धा प्रार्थना केल्यावर थांबतो. (यंदा थांबला नाही. एप्रिल-मे हा तिकडचा मोठा पावसाळा, हे निघण्यापूर्वी कोणीतरी पाहायला हवे होते.)

निघण्याच्या आदल्या दिवशी त्या वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, "तिकडे आमच्या माणसांचे काही राहिले आहे का? एखादी कबर, एखादे नाव?" मला उत्तर देता आले नाही. रविवारी मी एकही फोटो दाखवणार नाही, पगाराचा आणि अंड्यांचा हिशेब सांगेन आणि उरलेल्या वेळात त्यांचा हा प्रश्न वाचून दाखवेन. नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी कोणाकडे त्या काळातल्या बाप्तिस्म्याच्या वा लग्नाच्या नोंदी, पत्रे, किंवा आजी-पणजीने सांगितलेली एखादी आठवण असेल, तर कृपया मला कळवावे. त्या गृहस्थांचे वय ब्याऐंशी आहे आणि मी महिनाअखेरीस पत्र पाठवते, असे कबूल करून आले आहे.