‘लक्ष्मी कवडी’च्या फॉरवर्डची उलटतपासणी

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक फोटो फिरतोय: छोटीशी गोगलगाय, अंगभर काळ्या कडांचे केशरी-पिवळे ठिपके. खाली मजकूर: ‘कोकणातली दुर्मीळ लक्ष्मी कवडी. कवचावरची नक्षी निसर्गाने कोरलेली. पूर्वी हिचंच चलन होतं. जिवंतपणी हात लावला तर मृत्यू. तुळशीबागेत मिळते, अस्सल बघून घ्या.’

कोकणातली? नाही हो. ही फ्लेमिंगो टंग, शास्त्रीय नाव सिफोमा गिबोसम. हिचं घर कॅरिबियन समुद्र आणि पश्चिम अटलांटिकचं उष्ण पाणी. मालवणच्या जाळ्यात ती यायची कशी? आणि ही कवडीही नव्हे; कवड्यांच्या जवळच्या, पण वेगळ्या कुळातली. उलटी करून बघितली तर कवडीच्या फटीला असतात तसे दात हिला नसतात.

आता नक्षी. फॉरवर्डचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे, आणि ती कवचावर नाहीच! कवच असतं इंचभर, गुळगुळीत, पांढरट किंवा फिकट केशरी, मधोमध एक आडवा उंचवटा. ठिपके असतात प्रावरणावर, म्हणजे कवचाच्या दोन्ही बाजूंनी शालीसारख्या वर येणाऱ्या मऊ, जिवंत कातडीवर. डिवचलं की ती आत ओढून घेते, आणि ठिपके गायब. खऱ्या कवडीलाही प्रावरण असतं, पण तिची नक्षी कवचातच असते, म्हणून ती मेल्यावरही टिकते. हौशी पाणबुड्यांनी ठिपक्यांच्या मोहाने या गोगलगायी गोळा केल्या आणि हाती उरलं कोरं कवच. या हावरेपणापायी काही उथळ भागांत त्या कमी झाल्या. आता तीच हाव आपल्या मोबाइलवर, देवीच्या नावाने.

चलनाचं श्रेय मोनेटारिया मोनेटा या वेगळ्याच कवडीचं. मालदीवहून ती जहाजं भरभरून बंगालला जायची आणि पार पश्चिम आफ्रिकेपर्यंत पोहोचायची.

‘हात लावला तर मृत्यू’ हे बहुधा कोन स्नेलचं उसनं घेतलंय. त्या शंखांच्या दंशाने माणसं खरंच दगावली आहेत. ही बिचारी फ्लेमिंगो टंग समुद्रपंखे (पंख्यासारखे पसरणारे मऊ प्रवाळ) कुरतडते, त्यांची विषारी रसायनं पचवते आणि माशांना नकोशी होते. म्हणजे सगळ्यांना नव्हे. हॉगफिश तिला खातोच.

राहिली तुळशीबाग. पूजेच्या साध्या कवड्या खुशाल घ्या. पण हेच ठिपके असलेलं सुकं कवच कुणी ‘लक्ष्मी कवडी’ म्हणून पुढे केलं, तर ते रंगवलेलं आहे. नखाने खरवडून बघा.