ब्रश कसला फेकताय, ब्लेड फेका

‘दाढीचा ब्रश आजच फेका’ असा एक मजकूर बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या भावकीच्या ग्रुपवरही तो आला आणि शहापूरच्या काकांनी चांगला वापरातला ब्रश कचऱ्यात टाकला, म्हणून हे लिहिणं आलं. मजकुराचं म्हणणं असं: ब्रशात अँथ्रॅक्सचे (जनावरांकडून माणसाला होणाऱ्या एका जीवघेण्या रोगाचे) जंतू असतात, साबणाचा फेस कातडी जाळतो, ब्रशलेस (ब्रशशिवाय, बोटांनी लावायचं, फेस न होणारं) क्रीम लावलं की पाणीसुद्धा लागत नाही, फेसामुळे दाढी राठ होते, आणि दाढीनंतर तुरटी फिरवली की सगळे जंतू मरतात, मग ब्लेड आधी कुणाला वापरलेलं असलं तरी हरकत नाही.

शेवटच्यापासून सुरुवात करतो. बाकीचं एक वेळ खपेल, हे खपायचं नाही.

तुरटी रक्त थांबवते, हे खरं. बारीक कापलेल्या जागी ती कातडी आवळते. जंतूंवरही तिचा थोडाफार परिणाम होतो. पण ती फिरवायची वेळ येते ती कापल्यानंतर, आणि ब्लेडवर आधीच्या गिऱ्हाइकाचं काही असेल तर ते तोवर आत गेलेलं असतं. धोका मुख्यतः ‘बी’ प्रकारच्या काविळीचा, म्हणजे हेपटायटिस बीचा. अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था स्पष्ट सांगते की हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो आणि तेवढ्या काळात लस न घेतलेल्याला तो बाधू शकतो. डोळ्यांना रक्त दिसायलाच हवं असंही नाही. म्हणजे सोमवारी वापरलेलं ब्लेड शनिवारीही धोक्याचंच. त्यात दुकानातला तुरटीचा खडा एकच, सकाळपासून या गालावरून त्या गालावर फिरणारा. जंतू मारायचं राहू दे, तो पोचवायचंच काम करेल. तुरटी हवी तर आपला खडा घरून न्यावा.

वस्तऱ्यात अर्धं ब्लेड बसतं. ते कागदातून काढून आपल्यासमोर मोडून घालायला सांगा, आणि आधीचं काढल्यावर वस्तऱ्याची ब्लेड धरणारी पट्टी स्पिरिटने पुसायलाही सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही, चांगला कारागीर न सांगताच करतो. मोठ्या माणसांना हेपटायटिस बीची लस घ्यायची तर ती साधारण ०, १ आणि ६ महिन्यांनी अशा तीन डोसांत मिळते, डॉक्टरांना विचारा.

आता अँथ्रॅक्स. हे कुणी हवेतून काढलेलं नाही, तेवढं मान्य. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत दाढीच्या नव्या ब्रशांमुळे लोकांना अँथ्रॅक्स झाला होता. पण का? युद्धामुळे बॅजर या प्राण्याच्या केसांचा नेहमीचा पुरवठा तुटला, बाहेरून आणलेल्या घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश बॅजरसारखे दिसतील असे बनवून विकले गेले आणि त्यातले काही नीट निर्जंतुक केलेले नव्हते. शंभर वर्षांपूर्वीच्या न शिजवलेल्या घोड्याच्या केसांचा दोष खडेबाजारातल्या नायलॉनच्या ब्रशावर कसा लावता? मजकूर लिहिणाऱ्याने युद्ध गाळलं, घोडा गाळला, अँथ्रॅक्स तेवढा ठेवला. बरोबर काय आहे तर एवढंच की सलूनमधला सगळ्यांचा मिळून एक ब्रश टाळावा. तिथे क्रीम बोटांनी लावून घ्या, किंवा आपला ब्रश न्या.

‘पाणी लागत नाही’ हे वाचून तर हसूच येतं. केस मऊ करतं ते पाणी. क्रीम असो वा फेस, ते पाणी केसांत धरून ठेवतात आणि ब्लेडला घसरायला वाट देतात. ब्रशलेस क्रीम म्हणजे मुख्यतः स्टिअरिक ॲसिड, तेल आणि पाणी. साबण त्यात अगदी थोडा. कोरड्या गालावर चोळलं तर ते व्हॅनिशिंग क्रीमसारखं जिरतं, पांढऱ्या वळ्या निघतात आणि ब्लेड अडखळतं. म्हणून आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने दाढी भिजवायची, ओल्या गालावरच पातळ थर द्यायचा, जिरेपर्यंत चोळायचं नाही आणि दोन-दोन हातांनंतर ब्लेड कोमट पाण्यात खळबळायचं. तेलकट असल्याने ते पात्यांच्या फटीत बसतं. आणि हे काही नवं संशोधन नव्हे, अमेरिकेत बर्मा-शेव्ह नावाचं ब्रशलेस क्रीम १९२५ पासून होतं.

साबण कातडी कोरडी करतो, यात अर्धं तथ्य आहे. फेसाचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा; ७च्या वर अल्कली, खाली आम्ल) ९ ते १०, कातडीचा ५.५च्या आसपास. धुतल्यावर काही तासांत कातडी आपोआप सावरते. ज्यांची मुळातच कोरडी, थंडीत उलणारी, त्यांनी खुशाल ब्रशलेस वापरावं. ‘जाळतो’ मात्र नव्हे. दाढी राठ होते ही निव्वळ थाप: कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते बोचतं, मग वर फेस असो नाहीतर लोणी.

फेस बिघडतो तो बहुतेक पाण्याच्या मापाने. ब्रश मिनिटभर कोमट पाण्यात बुडवून झटका, बदामाएवढं क्रीम घ्या, गोल फिरवत चार-चार थेंब पाणी वाढवा. पाणी कमी पडलं तर लगदा होऊन ब्लेड तुंबतं, जास्त झालं तर मोठे बुडबुडे येऊन फेस मानेवर ओघळतो. बारीक, चकचकीत फेस यायला मिनिट-दीड मिनिट पुरतं. बेळगावला येणाऱ्या राकसकोप जलाशयाच्या पाण्याला तो पटकन येतो. अथणी-रायबागकडे बोअरचं पाणी जड (क्षारांचं) लागलं की साबण फाटतो, फेसाऐवजी पांढरा गाळ निघतो. तिथे ब्रशलेस सोयीचं, हे कबूल करावंच लागतं. ब्रशच वापरायचा तर तांब्याभर गाळून ठेवलेलं पावसाचं किंवा आरओ फिल्टरचं पाणी घ्या. केसांच्या मुळाशी पांढरा थर धरला असेल तर कपभर कोमट पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून दहा मिनिटं ब्रश बुडवा, साध्या पाण्याने धुवा आणि बाथरूमबाहेर वाऱ्याला टांगा.