डिस्चार्ज आहे, घेऊन जा!

दरवेळी तेच. सकाळी मानसोपचार वॉर्डमधून फोन, "आज भावाचा डिस्चार्ज आहे, बिल भरून घेऊन जा." अहो पण घरी गेल्यावर काय? पांढरी गोळी झोपेची की हाताचा कंप थांबवायची, एखादा डोस चुकला तर काय, रात्री दोनला तो परत येरझाऱ्या घालायला लागला तर कोणाला उठवायचं, काही म्हणून सांगत नाहीत, विचारलं की "फाईलमध्ये लिहिलंय". 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात चक्क लिहिलंय की पेशंट ज्यांच्याकडे राहणार त्यांच्याशी बोलून पुढच्या उपचारांचं ठरवा. बोलतात ना, लिफ्टसमोर, तेही घड्याळ बघत! आईची काय हालत झालीय ते तर कोणी विचारतच नाही. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबरसुद्धा मला पार्किंगमधल्या फाटक्या पोस्टरवरून कळला, बोला आता.