माळ्यावरचं असू दे

दापोली तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराचा माळा जरा माणसात आणायचं ठरलं, तेव्हा त्यावर नक्की काय काय आहे हे आत्या सोडून कुणालाच माहीत नव्हतं. तिची अट एकच. टाकायचं काही नाही.

आधी छप्पर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आमची निम्मी कौलं पोफळीत नेऊन टाकली होती. तेव्हा सगळ्या पट्ट्यालाच कौलं हवी होती, म्हणून तात्पुरती निळी ताडपत्री घातली. कोकणात एकदा चढलेली ताडपत्री घरचीच होते, तशी ती झाली. पुढे सवडीने जुनी कौलं जमवली, तर एकावर 'बासेल मिशन, १८६५' अशी उठावाची अक्षरं! ते साल मंगळुरात त्यांचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं. आमचं कौल कधी भाजलं ते देव जाणे. पण गड्याने तोवर 'दीडशे वर्षांचं कौल' गावभर करून ठेवलं होतं. बघायला येणाऱ्यांचा चहा आमच्याकडे.

मध्ये दोन काचेची कौलं बसवली. माळ्यावर उजेड पडला आणि खर्च तिथून वाढला. अंधारात लाकूड फार चांगलं दिसायचं.

सुतार एकेका वाशावर टिचकी मारत निघाला. 'खण्' वाजलं की पुढे. 'भद्' वाजलं की थांबून माझ्याकडे बघायचा, वासा माझ्या सासुरवाडीहून आल्यासारखा.

"चूल बंद केलीत ना?" तो म्हणाला.

म्हणजे चुलीचा धूर माळ्यावर कोंडायचा, वासे काळेकुट्ट व्हायचे आणि त्या धुरापायी वाळवी फिरकायची नाही. गॅस आला, आईचे डोळे वाचले, वाळवीचंही भलं झालं. सुताराने खराब वासे बदलले, बाकीच्यांना औषध मारलं. आठवडाभर घरात वास इतका, की वाळवीऐवजी पाहुणे पळाले.

सामानाचं काम मात्र खरं जिकिरीचं. मी वरून वस्तू द्यायच्या, शिडीखाली आत्याने निवाडा करायचा. बिनदांड्याची पळी? "असू दे, दांडा कुठेतरी आहे." काच नसलेली गॅसबत्ती? "लाइट जाते की नाही?" एका पायाची खडाऊ? यावर ती जरा विचारात पडली. मला आशा वाटली.

"आजोबांची आहे. दुसरी सापडेल."

मग पाळणा.

"यात तू झोपलायस."

"आता मावत नाही गं."

"तू नको मावूस. चिरंजीव कधी लग्नाचं मनावर घेतील तेव्हा?"

चिरंजीव शिडी धरून उभे होते, ते एकदम मोबाइलला रेंज शोधायला अंगणात गेले. शिडी हलली. कोपऱ्यातल्या गोणपाटाखालून तेवढ्यात धामण सळसळत गेली आणि मी खाली कसा आलो ते मलाच कळलं नाही.

"तिलाही असू दे," आत्या म्हणाली. "उंदीर खाते."

दिवाळीपर्यंत नवी फळी, दिवा, जाळी असं करत करत माळा बघण्यालायक झाला. हौसेने फोटो घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. उताऱ्यावर नावं असलेली, पण वादळापासून गप्प असलेली सगळी मंडळी जागी झाली. वाशांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बोरिवलीच्या चुलतभावाने फोटो मोठा करून एका कोपऱ्याला लाल गोल केला: "ते तांब्याचं घंगाळ आमच्या आईचं आहे." ठाण्याहून लगेच हरकत आली. गणपतीत बसून ठरवायचं म्हणतायत.

घंगाळाला बुडाशी भोक आहे, हे आत्याने अजून कुणाला कळवू दिलेलं नाही.