माझ्या नावाची पावती

सोसायटीच्या सभेत तोंड उघडणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं, हे ज्याला उशिरा कळतं त्याला खजिनदार म्हणतात. आमच्याकडे गणेशोत्सवाची समिती निवडणुकीने ठरत नाही, वयाने ठरत नाही, भक्तीने तर मुळीच नाही. ती शंकेने ठरते. 'मंडपवाला जरा जास्त लावतो, नाही?' असं ज्याने विचारलं, त्याच्याकडे मंडप. ज्याला गेल्या वर्षीचा शिरा गुठळ्यांचा वाटला, त्याच्याकडे प्रसाद. मी फक्त शेजारच्या खुर्चीकडे वाकून पुटपुटलो, 'मागचा हिशेब काही बोर्डावर लागला नाही.' सेक्रेटरींना एरवी पाण्याच्या टाकीबद्दल ओरडून सांगितलं तरी ऐकू येत नाही. हे मात्र आलं. 'वा! हिशेबाची आवड असलेला माणूस आपल्याला हवाच होता,' ते म्हणाले, आणि टाळ्या. आमच्या सभेत ठराव सूचक-अनुमोदकांनी नाही, टाळ्यांनी मंजूर होतात, कारण टाळ्या कोणी वाजवल्या हे इतिवृत्तात लिहावं लागत नाही.

सभेचंही एक तंत्र आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. गणपती त्याच सुमारास येतात. त्यामुळे गच्चीची गळती आणि बाप्पाचं आगमन एकाच विषयपत्रिकेवर असतं, आणि दोन्हींसाठी निधी कमी असतो. गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतला जो आकडा कमी असेल तितकी डोकी लागतात. ती जमत नाहीत. मग सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरवायची. त्या वेळी गणपूर्तीची अट नाही. ही तरतूद लिहिणाऱ्याने माणसांचा अभ्यास नक्की केला असणार. आता आमच्याकडे नोटिशीत सात लिहिलेलं असलं की सगळे साडेसातला येतात. सात ते साडेसात ही वेळ सेक्रेटरी आणि डास यांच्यासाठी राखीव आहे.

तर पावतीपुस्तक माझ्या हातात आलं. 'वर्गणी ऐच्छिक आहे,' असं सेक्रेटरींनी जाहीर केलं आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, 'कोणाला सोडायचं नाही.'

वर्गणी मागायला गेल्याखेरीज आपण कोणत्या इमारतीत राहतो हे कळत नाही. बेल वाजवली की आतला टीव्ही बंद होतो. दाराच्या भिंगात अंधार येतो, म्हणजे डोळा आला. डोळा जातो. मग आतून एक लहान मुलगा सांगतो, 'बाबा म्हणाले, बाबा घरी नाहीत.' या मुलाबद्दल माझ्या मनात अजून जिव्हाळा आहे. अख्ख्या मजल्यावर तेवढाच एक प्रामाणिक माणूस निघाला.

पहिल्या मजल्यावर समोरासमोरची दोन दारं आहेत. एकात पुण्याचे काका, दुसऱ्यात गिरगावचे काका. मी पुण्याच्या काकांची बेल वाजवली आणि बोलायला सुरुवात व्हावी म्हणून, माझी दुर्बुद्धी, म्हणालो, 'टिळकांनी सुरू केलेली परंपरा आहे, आपणही...' काकांनी हात वर केला. 'थांबा. कोणी सुरू केली?' मग मला भाऊसाहेब रंगारी ऐकावे लागले. १८९२ साल, शालुकर बोळ, राक्षसाशी झुंजणारी मूर्ती, आणि ती अजून तीच आहे, तुम्ही बघितली आहे का? तेवढ्यात पाठीमागचं दार उघडलं. गिरगावचे काका बनियनवर बाहेर आले. त्यांच्याकडे १८९३ होतं आणि केशवजी नाईकांची चाळ होती. 'मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती तिथला. स्वतः टिळक येऊन गेलेत त्या चाळीत!' पुण्याचे काका म्हणाले, 'येऊन गेले ना? सुरू तर आधीच झालं होतं.' मी दोन दारांच्या मधे, हातात पावतीपुस्तक, पेनाचं टोपण तोंडात. त्या एका वर्षाच्या फरकावर चर्चा इतकी रंगली की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन बसले. शेवटी दोघांनीही मोठ्या समाधानाने दारं लावून घेतली. वर्गणी दोघांनीही दिली नाही. इतिहास दिला.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त अधिकारी राहतात. आयुष्यभर त्यांनी फायलींवर 'चर्चा करावी' असा शेरा मारला, आणि आता चर्चेला माणूस मिळत नाही. मी मिळालो. 'परवानगी आहे?' त्यांनी विचारलं. कसली? 'नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. कलम ४१ क.' कायदा खरा होता, सूर मात्र मी बँक लुटून आल्यासारखा. मी नम्रपणे म्हणालो, 'साहेब, आपण रस्त्यावर मागत नाही, बाहेरच्या कोणाकडून घेत नाही. फक्त आपल्या सभासदांकडूनच.' त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'मग माझ्याकडे कसे आलात? मी भाडेकरू आहे.'

यावर उत्तर असेल तर मला अजून सापडलेलं नाही.

लोक आता रोख देत नाहीत, म्हणून लिफ्टमध्ये क्यूआर कोड चिकटवला. माझ्याच खात्याचा, कारण सोसायटीच्या खात्याला दोन सह्या लागतात आणि दुसरी सही मुलाकडे अमेरिकेला गेली होती. त्या दिवसापासून माझ्या फोनला स्वास्थ्य नाही. कोणी पैसे पाठवून नाव लिहीत नाही, कोणी नाव लिहून पैसे पाठवत नाही. एका रकमेपुढे शेरा होता 'दूध'. चौथ्या मजल्यावरच्या एका तरुण गृहस्थांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, 'आधी एक रुपया टाकून बघतो हं, बरोबर तुमच्याकडे जातोय का.' गेला. माझ्या फोनवर रुपया जमा झाल्याचं आम्ही दोघांनी मिळून बघितलं. 'आला?' 'आला.' 'झालं तर!' असं म्हणून ते अत्यंत मोकळ्या मनाने निघून गेले. बाकीची रक्कम त्या रुपयाच्या मागोमाग निघाली असेल अशी मी वाट पाहत राहिलो.

मूर्ती आली, मखर उभं राहिलं. थर्माकोल २०१८ पासून राज्यात बंद, त्यामुळे सजावट समितीने पुठ्ठ्याचा राजवाडा केला होता. पहिल्या सरीत त्याचा डावा बुरूज बसला. 'भुईकोट आहे,' असं समितीप्रमुखांनी जाहीर केलं आणि विषय संपला.

स्वयंसेवकांचे बिल्ले हा मात्र वेगळ्याच पुराणाचा विषय आहे. कोणीतरी उत्साहाने भगव्या रिबिनीचे, मधोमध सोनेरी कागदाचं फूल असलेले बिल्ले करून आणले. तासाभरात संपले. एरवी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला न येणारे लोक बिल्ला लावून मंडपात दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. बिल्ला लावला की माणसाला काम दिसायचं बंद होतं, फक्त काम करणारे दिसतात. 'अरे, ती खुर्ची घे,' 'अहो, ती समई सरकवा.' खुर्च्या ओढणारी दोन-चार पोरं होती, त्यांना बिल्ला मिळालेला नव्हता. लिंबू सरबताच्या टेबलापाशी मला एकाने अडवलं. 'फक्त स्वयंसेवकांसाठी आहे.' सरबताचे पैसे मी दिले होते. बिल्ला नव्हता.

आरतीबद्दल फार बोलत नाही, पाप लागेल. एवढंच सांगतो, की पहिल्या दिवशी असतात त्यापेक्षा आरत्या रोज वाढत जातात, कारण प्रत्येक घराला आपलं कुलदैवत आठवतं, आणि एकाचं घेतलं की दुसऱ्याचं सोडता येत नाही. प्रसादाचा शिरा तोवर इतका गार होतो की त्याचे तुकडे पाडता येतात. शिवाय झांज नेहमी त्याच माणसाकडे असते ज्याला ताल नाही.

पाचव्या मजल्यावर आवाजाचे विरोधक आहेत. त्यांनी मोबाइलवर डेसिबल मोजायचं काहीतरी उतरवून घेतलं आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा त्यांना तोंडपाठ आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हेही. आणि त्यांचं बरोबर आहे, हीच त्यांच्याशी बोलण्यातली अडचण. आरती चालू असताना ते हातात फोन घेऊन मंडपाच्या कडेला उभे राहतात आणि आकडे जाहीर करतात. 'बहात्तर... चौऱ्याहत्तर... एक्याऐंशी!' एक्याऐंशीला ते आवाजाच्या उगमाकडे बोट दाखवायला वळले. तिथे त्यांच्याच सौभाग्यवती डोळे मिटून झांज बडवत होत्या. (मघाशी मी तालाबद्दल जे म्हणालो ते मागे घेतो. त्या हे वाचतात.) फोन खिशात गेला. आवाज तेवढाच राहिला, मोजणी थांबली.

सांस्कृतिक कार्यक्रमात वेशभूषा स्पर्धा होती. शिवाजी महाराज इतके आले की मावळ्यांची टंचाई झाली. एक चिमुकली झाड होऊन आली होती आणि 'झाडे लावा' म्हणण्याऐवजी स्टेजवर झोपली. तिलाच पहिला नंबर द्यावा असं माझं मत होतं, पण परीक्षक म्हणून बोलावलेल्या बाईंनी सगळ्यांनाच पहिला नंबर दिला आणि गाडीत बसून तडक निघून गेल्या. अनुभवी होत्या. बक्षिसं मात्र एकाच पहिल्या नंबराला पुरतील एवढी आणलेली होती. तो खर्च हिशेबात 'आकस्मिक' या सदरात दिसेल.

रात्री दहाला कार्यक्रम संपला, म्हणजे पाचव्या मजल्याने संपवला. बिल्लेवाले जादूने नाहीसे झाले आणि सतरंज्या उरल्या. आमच्याकडे दोन गृहस्थ आहेत, त्यांच्यात पार्किंगच्या एका पांढऱ्या रेघेवरून बोलणं बंद आहे. रेघ कोणी मारली हे आता कोणालाच आठवत नाही, पण अबोला टिकून आहे. लिफ्टमध्ये एक असला तर दुसरा जिना चढतो. योगायोगाने त्या रात्री एका लांबलचक सतरंजीच्या दोन टोकांना नेमके हे दोघे उरले. सतरंजी एकट्याला घडी घालता येत नाही. दोघांनी दोन-दोन कोपरे धरले, झटकली, धूळ उडाली. मग एकमेकांकडे चालत जायचं आणि आपले कोपरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे, याशिवाय दुसरा मार्ग नसतो. ते चालत आले. 'टोक द्या,' एक म्हणाले. 'घ्या,' दुसरे म्हणाले. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. 'तुमची बाजू खाली लोंबतेय.' 'तुम्ही ताणताय.' एका सतरंजीवर भागलं नाही, दोघांनी सगळ्या घडी करून टाकल्या. सकाळी बघतो तर एकाची स्कूटर रेघेवर आडवी आणि दुसऱ्याचा चेहरा पूर्ववत. पण पुढचे सगळे दिवस सतरंज्या त्या दोघांनीच आवरल्या, इतर कोणाला हात लावू दिला नाही.

विसर्जन कृत्रिम तलावात झालं, मिरवणूक फाटकापासून फाटकाच्या दुसऱ्या बाजूपर्यंत निघाली. राज्य सरकारने २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलं आहे, तेव्हा आपण निदान ताशा तरी लावायला हवा, असं गिरगावचे काका म्हणाले. ताशाचे पैसे कोण देणार असं मी विचारल्यावर ते टिळकांकडे वळले.

मग मी हिशेबाला बसलो. पैसे कमी पडले असते तर चाललं असतं, खिशातून भरून मोकळा झालो असतो. पण जास्त निघाले. कमी पडले तर खजिनदार गबाळा ठरतो, जास्त निघाले तर तो काहीतरी लपवतोय असं ठरतं. 'दूध' शेऱ्याची रक्कम खरोखरच दुधाची होती, हे दूधवाला मागायला आल्यावर कळलं, आणि ताळा जमला.

देणगीदारांची यादी बोर्डावर लावली. आठवडाभराच्या विनवणीने जे झालं नव्हतं ते त्या कागदाने तासाभरात केलं. बोर्डापुढे गर्दी झाली. लोक आपलं नाव बघत नव्हते, शेजाऱ्याची रक्कम बघत होते. भाडेकरू साहेबसुद्धा खाली आले आणि पाकीट देऊन गेले, वर 'स्वेच्छेने, भविष्यात पायंडा समजू नये' असं लिहिलेलं. दोन्ही काकांनीही दिले, एकाने दिलेले कळल्यावर दुसऱ्याने एक रुपया जास्त.

संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचे ते तरुण गृहस्थ यादीवर बोट ठेवून उभे होते.

'अहो, माझ्या नावापुढे नुसता १ लिहिलाय. पुढची शून्यं राहिली का?'

'राहिली,' मी म्हणालो, 'पण तुमच्याकडे.'

'अरेच्चा! मग आत्ताच पाठवतो की. लोकांत बरं दिसत नाही.' त्यांनी फोन काढला, माझ्यासमोर बोटं फिरवली. माझ्या खिशात फोन वाजला. मी काढून बघितला. एक रुपया जमा.

'आला?' त्यांनी विचारलं. 'नवीन फोन आहे ना, म्हटलं आधी बघावं बरोबर जातोय का.'

मी खिशातलं पेन काढलं आणि यादीतल्या १ चा २ केला.