नवा कोर्स दिल्लीत अडकत नाही हो

आमच्या ग्रुपवर परवा परत तो फॉरवर्ड आला. गोव्यात नवा कोर्स काढायचा तर दिल्लीहून यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) परवानगी लागते, फाईल दोन-दोन वर्षं पडून राहते, खरं तर कुलगुरूंच्या एका सहीचं काम, म्हणून आपली पोरं पुण्याला जातात. खाली नुसते अंगठ्यांवर अंगठे. मी कॉलेजात शिकवतो, एका अभ्यास मंडळावर (कुठल्या ते सोडा) बसून झालंय, त्यामुळे गप्प राहवेना.

आधी दिल्लीचं बघू. गोवा विद्यापीठ १९८४ च्या राज्याच्या कायद्याने झालंय, साधा एमए-एमएस्सीचा नवा विषय काढायला दर वेळी यूजीसीकडे हात पसरावा लागत नाही. यूजीसी बघते पदवीचं नाव. यूजीसीच्या १९५६ च्या कायद्याच्या कलम २२ खाली पदव्यांची यादी आहे, २०१४ साली नव्याने राजपत्रात आली, नाव त्यातलं घ्या आणि विषय कंसात घाला. यादीत नसलेलंच काहीतरी भारदस्त नाव हवं असेल तर मात्र सहा महिने आधी विचारावं लागतं. हा हट्ट आपला, दिल्लीचा नव्हे.

बीएडला एनसीटीई (शिक्षक-शिक्षणाची केंद्रीय परिषद), एलएलबीला बार कौन्सिल, ऑनलाइन कोर्सला सहसा यूजीसी, तिथे परवानगी लागतेच, कोण नाही म्हणतंय. पण एआयसीटीईचं, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं, नाव घेऊन जे घाबरवतात त्यांनी भारतीदासन विद्यापीठाचा खटला वाचावा, सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच सांगितलंय की विद्यापीठाला आपल्या विभागात तांत्रिक कोर्स काढायला एआयसीटीईची आधी परवानगी नको, दर्जाचे नियम तेवढे पाळायचे. संलग्न कॉलेजांना ही सूट नाही, आणि लोक नेमकं तिथेच दोन्हीची खिचडी करतात.

आता ती एक सही. विभागाकडून प्रस्ताव, मग बोर्ड ऑफ स्टडीज (म्हणजे अभ्यास मंडळ), मग अकॅडमिक कौन्सिल, पैशाचं किंवा पदांचं काही असलं की एक्झिक्युटिव्ह कौन्सिल. कुलगुरू असतात त्यात, पण एकटे नसतात, आणि नसावेतच.

फाईल पडून राहते हे मात्र खरं, पण का ते ऐका. एकदा आमच्यासमोर एक प्रस्ताव आला, चार क्रेडिटचा पेपर, म्हणजे क्रेडिटला पंधरा तास धरून साठ तास. मी चहा पिता पिता मोबाइलवर युनिटचे तास मिळवले, १५, १२, १४, १५. छप्पन्न! पुढच्या पेपरची पुस्तकांची यादी भलत्याच विषयाची, आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव तसंच राहिलेलं, कॉपी-पेस्ट करताना पुसायला विसरले बिचारे. परत पाठवला. दुरुस्त होऊन आला तोवर अकॅडमिक कौन्सिलची मीटिंग होऊन गेली, जूनचे प्रवेश सुरू झाले, वर्ष गेलं. बाहेर काय पसरलं? यूजीसीने अडवलं. मीटिंगा जास्त वेळा घ्याव्यात एवढं मला पटतं, पण छप्पन्नाचे साठ करायला काय दिल्ली लागते?

आणि फॉरवर्डमध्ये जे नाहीच ते सगळ्यात मोठं, मास्तर कोण देणार? कौन्सिलने कोर्स पास केला म्हणजे पद मंजूर झालं असं होत नाही, पगाराचे पैसे सरकारकडून यायचे, ती फाईल वेगळी आणि तिचा रस्ताही वेगळा. ओरडायचंच असेल तर तिथे ओरडा की.

पुण्याचं म्हणाल तर माझा भाचा गेलाय तिकडे, बीकॉमला. बीकॉम म्हापशात आहे, पणजीजवळ आहे, मडगावात आहे. मी विचारलं का रे बाबा, तर म्हणतो मामा, तिथे खोलीवर राहायला मिळतं.